साठ तास आणि पाच सह्या

२ तारीख, सकाळी ८
शिक्षा सुरू. तुरुंग नाही! ऑफिसातल्या सतरा जणांना डॉक्टरांच्या खोट्या सहीने आजारी पाडलं, म्हणून वृद्धाश्रमात साठ तास सेवा. मुदत तीस तारीख. चुकलं तर सहा महिने आत. महिनाअखेरीला लेकीला बाळ होणार, आजोबा बाहेर हवेत. साठ तास म्हणजे माझ्या हातचा मळ.

४ तारीख
काम: फरशी पुसणे. माझ्यासारख्याने! मेट्रनबाईंना चार सुधारणा सुचवल्या. त्या म्हणाल्या, आधी बादली उचला. हजेरीचं कार्ड माझ्याजवळ, त्यावर रोज त्यांची सही. काय गचाळ सही हो! जीव तुटला.

११ तारीख
कंबर धरली. सर्टिफिकेट द्यावं म्हटलं, पण खरं आणावं लागेल. उद्यापासून रोज चार तास. पक्कं.

२४ तारीख
चाळीस झाले. आश्रमातले आजोबा पत्त्यांना बसवतात, त्याला मी काय करू? तीही सेवाच. निघताना व्हरांड्यात साबण सढळ हाताने ओतलाय. पाणी उद्या मारू.

२८ तारीख
सर्दी. पंचवीसपासून घरीच. खरी सर्दी, पण विश्वास कोण ठेवणार?

२९ तारीख, दुपारी
वीस तास बाकी. पेन असल्यावर घाबरायचं कशाला! पंचवीस ते एकोणतीस, पाच सह्या. बाईंपेक्षा सुबक आल्या. बायकोने विचारलं, काय लिहिताय. म्हटलं, रोजनिशी.

३० तारीख
कार्ड तपासायला अधिकारी आले. शेजारी मेट्रनबाई, उजवा हात प्लास्टरमध्ये. पंचवीसला सकाळी व्हरांड्यात घसरल्या, तेव्हापासून पेन धरता येत नाही. मेलो! घाईघाईत विचारलं, फरशी कुणी पुसली होती? सगळे माझ्याकडेच बघायला लागले.
अधिकारी म्हणाले, आता आत. मला रडूच आलं. बाळाचं सांगितलं. बाई म्हणाल्या, साहेब, यांना नेऊ नका, माझा हात बरा होईपर्यंत बादली कोण उचलणार?

३ तारीख
कोर्टाने बाईंचं ऐकलं. एकशेवीस तास. माझ्यासाठी पेन बंद. येताना अंगठा, जाताना अंगठा. अंगठाही सुरेख उठला म्हणा.

५ तारीख
नात झाली! आश्रमातून तडक गेलो. घ्यायला हात पुढे केले, तर बायको म्हणाली, आधी शाई धुऊन या. तीनदा धुतली, जात नाही. लांबूनच पाहिली. नाक थेट माझ्यावर गेलंय.
बायको म्हणाली, नाक चालेल. हात जायला नकोत.