हाताची सवय

पुणे, ता. ११ जुलै १९७५

चि. प्रभास वेणीमाधवचे अनेक आशीर्वाद.

वर तुझ्या नावाआधी सवयीने सौ. लिहून गेलो आणि मग खोडलं. नवा कागद घ्यायला हवा होता. राग मानू नकोस.

नारायणराव गेल्यावर त्यांच्या जागी गिरणी तुला सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात घेतेय, हे कळलं. तिथल्या नव्या बायकांसाठी शिकवणीचे पाठ बसवायचं काम आमच्या प्रशिक्षण संस्थेकडे, म्हणजे माझ्याकडेच आलंय. पद्धत सरळ आहे. आधी काम नीट पाहायचं, शिकणारीला शेवटी काय करता आलं पाहिजे ते ठरवायचं, त्याचे लहान टप्पे पाडायचे, शिकवायचं आणि करून घेऊन पाहायचं. नाही जमलं, तर दोष तिचा नव्हे, पाठाचा. तुझी वहिनी विचारते, की हा नियम मी घरी मुलांच्या गणिताला का लावत नाही.

आता अवघड गोष्ट. मॅनेजरसाहेबांना पहिला पाठ नारायणरावांच्या अपघाताचा हवाय. चालू मशीनमधलं गुंतलेलं सूत काढायला गेले आणि निष्काळजीपणामुळे प्राणाला मुकले, असं नाव घालून. नव्या येणाऱ्या प्रत्येकीला ते ऐकवलं जाईल, आणि पहिल्या वर्गात तूच बसलेली असशील. माझ्याच्याने लिहवत नाही. तुझं मत कळव. जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझा
दादा

भवानी पेठ, सोलापूर
ता. १६ जुलै १९७५

ती. स्व. दादांस प्रभाचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

पत्र पोचलं. सासूबाईंचा गुडघा तसाच आहे. मी स्वयंपाक करते, जेवते, झोपते. मार्चमध्ये हे गेल्यापासून डोळ्यांत पाणी आलेलं नाही. शेजारच्या बसव्वांना काळजी, की ही रडत कशी नाही. मलाही कळत नाही. सगळं दुसऱ्या कुणाच्या घरी चाललंय असं वाटतं.

पाठ हवा तसा लिहा, असंच कळवणार होते. पण पत्राची घडी घालताना खोडलेलं सौ. पुन्हा दिसलं. हे गेले ते तुम्हाला ठाऊक होतं, खांदा तुम्हीच दिलात. तरी हात गेलाच. तुम्हाला निष्काळजी कोण म्हणेल? यांना खात्यात कुणी शिकवलं नव्हतं, शेजारच्याचं बघून शिकले. सगळेच चालू मशीनमधून सूत ओढत. यांचाही हात तसाच गेला असेल. अपघात सांगा, नावही सांगा. निष्काळजीपणा हा एक शब्द काढता आला तर पाहा. मला दुसरं काही नको.

तुमची
प्रभा

पुणे, ता. २ ऑगस्ट १९७५

चि. प्रभास अनेक आशीर्वाद.

साहेब ऐकत नाहीत. दोषाला दोष म्हटल्याशिवाय माणसं सावध होत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. शेवटी मी सुचवलं, की दोन्ही पाठ करून पाहा, त्यांचा सकाळी, माझा दुपारी, आणि चालेल तो ठेवा. ते मान्य झालं. खात्यातले मुकादम, गुरप्पा जॉबर, वर्ग घेतील. मशीनपुढे जाळी बांधणार आहेत, कुणाला इजा व्हायची नाही. तुला नको वाटलं तर त्या दिवशी जाऊ नकोस.

तुझा
दादा

सोलापूर, ता. २० ऑगस्ट १९७५

ती. स्व. दादांस शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

मी गेले होते. सकाळी गुरप्पांनी साहेबांचा पाठ वाचला. यांचं नाव आलं तेव्हा सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, मी फळ्याकडे. सूत गुंतलं तर काय करायचं, असं विचारल्यावर सगळ्या शाळेतल्यासारख्या एका सुरात म्हणाल्या, की सावध राहायचं. मग एकेकीला मशीनपुढे उभं केलं. सूत गुंतलं, की जिचा तिचा हात जाळीवर आपटायचा. माझाही आपटला. यांची बायको मी, तरी. साहेब मागे उभे राहून बघत होते.

दुपारी तुमचा पाठ. गुरप्पा म्हणाले, की हितं बोलून दावायचं न्हाय, करून दावायचं. मशीन थांबवायचा दांडा ओढायचा, दोन्ही हात पाठीमागे घ्यायचे, चाक थांबेपर्यंत उभं राहायचं, मगच सूत. पुन्हा पुन्हा करून घेतलं. शेवटी जाळीला कुणाचाच हात लागेना. साहेबांनी आपल्या पाठातला तो निष्काळजीपणा शब्द स्वतःच्या पेनाने खोडला.

दादा, माझी पाळी आली तेव्हा दांडा ओढून हात मागे धरून उभी राहिले. चाक फिरत राहिलं, मंदावलं, थांबलं. आवंढा गिळायला लागतो तेवढाच वेळ. यांना तेवढाच हवा होता. तिथंच मला रडू फुटलं, ते आवरेना. गुरप्पांनी पुढच्या बाईला बोलावलं नाही, मशीनही सुरू केलं नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आहे ती माया अशीच असू द्या.

तुमची
प्रभा