यांच्या पुडीचा शेवटचा डबा

४ जानेवारी
जावई म्हणतात, आई, डबा बाबांच्या कंपनीत देऊन टाका. का म्हणून? यांची पूड म्हणजे कॅटॅलिस्ट. तापलेल्या नळीत ती हवेवर तरंगत ठेवायची, तिच्यातून स्पिरिट आणि अ‍ॅसिडची वाफ सोडायची, की पलीकडे पेअरच्या वासाचं एस्टर तयार. कंपनीत सगळे हसले. पूड करायची रीत यांच्या डोक्यात होती, ती यांच्याबरोबर गेली. उरला हा डबा. आता मीच एस्टर करीन आणि बाटली कंपनीच्या साहेबांच्या नाकाखाली धरीन. मग प्रोसेसला यांचं नाव देतात की नाही बघू.

७ जानेवारी
लायब्ररीतली दोन जाड पुस्तकं वाचली. लिहिणाऱ्यांना थोडक्यात सांगता येत नाही. आकृत्या गाळल्या.

१२ जानेवारी
मागच्या खोलीत नळी उभी केली. फिश टँकचा पंप लावला. पूड तळाशी ढिम्म. मुलगी म्हणाली, बाबा चाळून घ्यायचे, फार बारीक असेल ती काढून टाकायचे. केमिस्ट्रीत काठावर पास झालेल्यांनी बोलू नये.

१३ जानेवारी
बारीक तितकी हलकी. यात काय कळायचंय? अख्खा डबा मिक्सरमधून काढला. मैद्यासारखी झाली. जावई बघून हळूच बाहेर गेले. पटलं असणार.

१५ जानेवारी, संध्याकाळ
उद्या साहेब येणार. पंप काढून व्हॅक्युम क्लीनर उलटा लावला. आधी नुसती हवा, वाफ नंतर. पूड तरंगली. हे सांगायचे अगदी तशी, दूध वर यावं तशी. बघत राहिले. बघता बघता सगळी वरून बाहेर. खिडकी उघडी होती. जावई भुवयांपर्यंत पांढरे. म्हणाले, आई, आता? लोकांना प्रश्न तेवढे येतात.
उद्या साहेबांना तोंडी समजावीन. तेवढं पुरे.

१६ जानेवारी
साहेब आले. मी समजावायच्या आधीच बोलले. यांना हसलो ते चुकलं, म्हणाले. आता नवीन मशीन आलंय, पुडीत काय काय आहे ते सांगतं. चिमूटभर द्या, पुन्हा बनवू, यांच्याच नावानं. डबा रिकामा दाखवला, झालं ते सांगितलं. तर म्हणाले, पडद्याला, सतरंजीला चिकटलेली असली तरी चालेल.
पडदे, सतरंजी, जावयांचा शर्ट सकाळीच धुतले. मिक्सर दोनदा घासला. फरशी फिनेलनं पुसली. साहेब येणार म्हणून.
जाताना म्हणाले, घर छान स्वच्छ ठेवलंय.