कागदावर नसलेले चार कॅन

मालपे बंदर,
दि. १२ नोव्हेंबर २०२५

प्रिय अक्षदा,

पत्र बघून दचकू नकोस. मी धडधाकट आहे. दोन वेळा पोटभर जेवतो आणि इथल्या कालवणात खोबरं तुझ्यापेक्षा सढळ हाताने घालतात, त्यामुळे पोट सुटायला लागलंय. आई, तू आणि छकुली बऱ्या असाल. कुडपणला आता थंडी पडली असेल. आईच्या गुडघ्यांना तेल लावून देतेस ना? की चहात साखर जास्त झाली म्हणून दोघी अजून रुसलेल्याच?

हातात फोन असताना हे पत्र कशाला लिहितो, असं तुला वाटेल. फोनवर तू बोलतेस आणि मी हूं हूं करतो. नऊ महिने मी हूं हूं करत काढले.

परवा तू सांगितलंस की रविवारी वरंधची माणसं कापड्याला, तुझ्या माहेरी येणार आहेत. मुलीला अनिल पसंत आहे, पण तिच्या बापाने अट घातली आहे. अनिलने बोटीवर डिझेल चोरलं हे खरं की खोटं, ते त्या बोटीवर असलेल्या जावयाने लिहून द्यावं. वर तू म्हणालीस, "खरं काय ते लिवा. माझा भाव हाय म्हणून झाकू नका."

लिहितो. पण आधी माझं काम समजून घे, कारण ते मी तुला कधी धड सांगितलंच नाही. तू शेजारपाजारी सांगतेस की नवरा जहाजावर आहे. जहाज कसलं, पाच लहान बोटी. हौशी लोक येतात, एकेका बोटीत दोघंतिघं बसतात, चालवणारी माणसं आमची. पाचही बोटी एकमेकींना नजरेआड होऊ न देता उघड्या समुद्रातून लक्षद्वीपकडे जातात. दीड दिवस जमीन दिसत नाही. वाटेत पंप नाही. म्हणून निघण्याआधी आठवडाभर सगळं काम डिझेलचंच. बोटी एका वेगाने चालवून कुठली किती पिते ते बघायचं. जी सगळ्यात हळू, तिच्या चालीने सगळ्यांनी जायचं. डिझेल गाळून भरायचं, म्हणजे त्यात पाणी राहत नाही. मग एकूण साठ्याचे तीन वाटे करायचे. एक जायला, एक उलटा वारा लागला तर, आणि तिसऱ्याला हात लावायचा नाही. हे कागदावर लिहून पाचही बोटींना वाचून दाखवायचं. तो कागद लिहिणारा मी.

फेब्रुवारीतल्या त्या फेरीत कागदाबाहेर मी चार कॅन भरले, पस्तीस पस्तीस लिटरचे. आमच्या बोटीच्या पुढच्या टोकाला खण आहे, त्यात ते दोरांखाली ठेवले. कुणाला सांगितलं नाही. चोरायचे नव्हते ग. विकायचे म्हटले तरी कुठे विकणार?

आईमुळे ही सवय लागली. एप्रिल-मेमध्ये कुडपणचा झरा आटला की ती सांगायची, पाणी संपलं. आणि गवताच्या पेंढ्यांमागे एक हंडा भरलेला असायचा. तो कुणाला माहीत नसायचा, बापालाही नाही. सात वर्षांचा असताना मला तो सापडला. मी ओंजळभर प्यायलो. आईने तापलेलं उलथनं माझ्या पाठीवर टेकवलं आणि म्हणाली, "सांगितलं तर सगळी पितील, आनि मग खरंच संपल." माझ्या पाठीवरचा डाग तू विचारलास तेव्हा मी चुलीवर पडलो असं सांगितलं होतं. आईला यावरून बोलू नकोस. तिने तसंच आम्हाला जगवलं. पण मला वाटायचं, राखायचं ते लपवूनच राखायचं असतं.

अनिलची ती पहिलीच फेरी. मीच त्याला इथे आणला. कॅन चढवताना तो धक्क्यावर उभा होता आणि त्याने एकेक माझ्या हातात दिला. म्हणाला, "दाजी, हे चार तुमच्या कागदावर नाय." मी म्हटलं, "गप."

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता वारा समोरून उठला. लाटा बोटीला खालून धडका द्यायला लागल्या. एक पाहुणा कठड्यावर तोंडावर आपटला आणि त्याचे पुढचे दोन दात गेले. रक्त पाण्याबरोबर सगळ्या बोटीत फिरत होतं. अनिलला बोट लागली होती, तो पुढच्या खणावर आडवा पडून ओकत होता. तेवढ्यात हर्षदचं इंजिन बंद पडलं. हर्षद पाचवी बोट चालवायचा. ती त्याची स्वतःची, बापाने मरताना दिलेली. सहा तास आम्ही तिच्याभोवती इंजिनं चालू ठेवून घिरट्या घालत राहिलो. दुसरा वाटा तिथेच जळून गेला.

मग आमचा म्होरक्या नागसेन याने वायरलेसवर मला विचारलं, "साहिल, हर्षदची बोट ओढून न्यायला डिझेल पुरेल का?"

मी कागद बघितला. कागदाप्रमाणे पुरत नव्हतं. चार कॅन धरले तर पुरत होतं. मी म्हटलं, "नाय पुरणार."

अक्षदा, त्या वेळी मला बोलता आलं असतं. जमीन दिसेपर्यंत शेवटचं काढायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. माणसं दुसऱ्या बोटींत घेतली आणि हर्षदची बोट सोडून दिली. ती वाऱ्याबरोबर मागे मागे गेली. हर्षद आमच्या बोटीत होता. तो तिच्याकडे बघत स्वतःच्या मांडीवर मुठी मारत राहिला.

तासाभराने पिशवी ठेवायला जागा हवी म्हणून त्याने अनिलला बाजूला सरकवून खण उघडला.

त्याने पहिला कॅन वर काढला, टोपण उघडून वास घेतला. मग दुसरा. चारही त्याने ओळीने मांडले. मग त्याने विचारलं, "कुनाचं?" अनिल सकाळपासून त्या खणावर झोपला होता. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. अनिलने माझ्याकडे बघितलं.

पहिला मी मारला.

हे तुला फोनवर सांगायला जमलं नाही. इंजिनाचा मोठा पाना माझ्या हातात होता. "चोरा" म्हणालो आणि त्याच्या डाव्या कानावर घातला. तो कठड्याला धरून खाली बसला. मी पुन्हा मारला. मला एकच भीती होती, की तो तोंड उघडेल. त्याने उघडू नये म्हणून मारत होतो. मग हर्षदने बोट जवळ ओढायचा आकडीचा बांबू घेतला. अनिलने हात डोक्यावर धरले होते, त्या हातावर मारला आणि हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. पाहुण्यांपैकी एकाने लाथा घातल्या. ज्याचे दात पडले होते तोही उठून आला. त्यांनी अनिलला कठड्याला बांधला, मोडक्या हातासकट. दोरी मी दिली. दुपारभर उन्हात खारं पाणी त्याच्या जखमांवर उडत होतं आणि आम्ही त्याच चार कॅनांतलं डिझेल टाकीत ओतत होतो. संध्याकाळी नागसेनची बोट जवळ आली, त्याने चाकूने दोरी कापली आणि आम्हा सगळ्यांना आईबहिणीवरून शिव्या दिल्या.

दोरी कापायच्या आधी एकदा मी अनिलला पाणी पाजायला गेलो. त्याचे ओठ फाटले होते. तो हळूच म्हणाला, "दाजी, मी नाय सांगणार. ताय सात म्हैन्यांची पोटुशी हाय. या दिसांत तिनं तुम्हाला टाकून माहेरी येऊ नये."

मी त्याला पाणी पाजलं आणि निघून आलो.

पुढचं तुला माहीत आहे, म्हणजे मी सांगितलं तेवढं. अनिलने डिझेल लपवलं, लोकांनी मारलं, मी मध्ये पडून सोडवला. त्याने बेटावर लिहून दिलं की पाय घसरून पडलो. त्याला काढून टाकलं आणि मला पुढच्या फेरीपासून सगळी तयारी सोपवली. तो गळ्यात हात अडकवून कापड्याला आला, तर तुझ्या आबांनी अंगणातच काठी घेतली. त्या काठीचे फटके तू मला फोनवर मोजून सांगितले होतेस, आणि म्हणालीस, बरं केलं. मी हूं म्हणालो. मग छकुलीच्या बारशाला तो झबलं घेऊन आला. तू उंबऱ्यातच त्याच्या तोंडात दिलीस. पाहुण्यांपुढे. त्याच कानावर दिलीस. मी मागे उभा होतो आणि छकुली माझ्या कडेवर होती. तो झबलं ओट्यावर ठेवून पायवाटेने खाली गेला. तुझा हात दुखत होता, म्हणून संध्याकाळी मी तुला मीठपाण्याचा शेक दिला. अशी माझी जात आहे.

रोज ठरवत होतो की सांगू. आधी म्हटलं बाळंतपण होऊ दे. मग म्हटलं पाऊस जाऊ दे. मला तू हवी होतीस आणि छकुली हवी होती, दुसरं कारण नाही. आताही हवी आहेस. पण त्या मुलीच्या बापासाठी चोर असा शब्द माझ्या हाताने लिहायचा म्हटल्यावर पेन चालेना.

वरंधच्या माणसांसाठी वेगळा कागद सोबत आहे. त्यावर चारच ओळी आहेत आणि खाली माझी पूर्ण सही. डिझेल मी लपवलं, अनिलने नाही, पहिला मी मारला, एवढंच आहे. हर्षदलाही काल जाऊन हेच सांगितलं. त्याने काय केलं ते मी आलो की माझ्या तोंडाकडे बघून कळेलच. शनिवारी रात्रीच्या गाडीने निघतो. रविवारी पोलादपूरला उतरून थेट कापड्याला येईन. आबांनी काठी घेतली तर कुणी आडवं येऊ नका. तू छकुलीला घेऊन तिथेच राहायचं ठरवलंस तर मी एकटा आईकडे कुडपणला जाईन आणि तुला एका शब्दाने विचारणार नाही.

तो कागद तू वाच. आधी आबांना, मग वरंधच्या माणसांपुढे, मोठ्याने. अनिलला बाहेर पाठवू नकोस. त्याच्या उजव्या हाताला बस. डाव्या कानाने त्याला आता अजिबात ऐकू येत नाही. बेटावरच्या डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं आणि त्याने कुणाला कळू दिलं नाही. बारशाला तो पायवाटेने उतरत असताना तू मागून, डाव्या अंगाने हाक मारलीस, तो वळला नाही, आणि तू म्हणालीस की चोराला गुर्मी आली आहे. त्याला तुझी हाक ऐकूच गेली नव्हती ग.

तुझ्या भावाचा कान घेणारा,
साहिल