सासऱ्यांची खतपेटी

शनिवार, २ मार्च
अंगणातल्या लाकडी खतपेटीची मागची बाजू आज कोसळली. भाजीच्या सालींचा, पाल्याचा ढीग बाहेर. बायको म्हणाली, प्लॅस्टिकचा ड्रम आणू. साफ नकार दिला. पेटी सासऱ्यांनी स्वतःच्या हातांनी केलेली. महिनाअखेरीला ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे येतायत. माझ्या हातांना वळण नाही, असं त्यांचं लग्नापासूनचं मत. आता बघतीलच.
संकल्प: काहीही विकत आणायचं नाही. सगळं टाकाऊतून. उद्या दुपारपर्यंत काम फत्ते.

रविवार, ३ मार्च
आधी डिझाइन. घाई करणारे कारागीर वेगळे. कागदावर पेटी फार देखणी उतरली. बायको म्हणाली, म्हैस छान जमलीय. तिला पर्स्पेक्टिव्ह कळत नाही.

शुक्रवार, ८ मार्च
ऑफिसातून येताना दुकानामागे लाकडी खोकं सापडलं. डोक्यावर घेऊन चालत आलो. साहेबांनी गाडीतून पाहिलं, पण ओळख दाखवली नाही. जळले असावेत.

रविवार, १० मार्च
शेजारच्या काकूंच्या फाटकाबाहेर चांगल्या फळ्या टाकलेल्या! लोकांना वस्तूची किंमतच नाही. आणल्या, लगेच कापल्या.
संध्याकाळी काकू आल्या. म्हणे, रंगवायला म्हणून पुस्तकांचं कपाट सुटं करून ठेवलं होतं, कुठे दिसलं का? मी करवतीवर बसून राहिलो. दात टोचत होते.
बायकोने आमचं कपाट त्यांना दिलं. माझी पुस्तकं पलंगाखाली गेली. झोपून वाचणाऱ्याला तीच जागा सोयीची.

शनिवार, १६ मार्च
मागची बाजू बसली. फक्त ठोकताना डावी निखळली. ती वाळवीने आधीच पोखरलेली, त्यात माझा काय दोष? अंगठा सुजून वांग्यासारखा झालाय. बायकोने बर्फ लावला आणि तेवढ्यात ड्रमचा विषय काढला. आजारी माणसाला असं कोंडीत पकडू नये.

रविवार, २४ मार्च
डावी बसवताना उजवी गेली. उजवी बसवताना समोरची. आता चारही बाजू नव्या. एका बाजूला दवाखान्याची जुनी पाटी लागलीय: ‘कृपया रांगेत बसावे’. अक्षरं आतल्या अंगाला केली. गांडुळांना शिस्त लागेल.
बायको बराच वेळ पेटीकडे बघत उभी होती. मग विचारलं, झाकण सोडलं तर बाबांनी केलेलं आता यात काय उरलं? मी म्हटलं, पेटी उरली की! उत्तर चोख होतं. ती आत गेली. जेवताना उत्तर तितकंसं चोख वाटेना.

शनिवार, ३० मार्च
सासरे आले. बॅग ठेवली आणि थेट अंगणात. दिसतं अंधुक, म्हणून पेटीवर चारही बाजूंनी हात फिरवला. मग दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवली. पेटी जागची हलली नाही! खिळ्यांच्या बाबतीत मी हात आखडता घेतला नव्हता.
त्यांनी मुलीला हाक मारली. “बघ, इतकी वर्षं झाली, पण तुझ्या बापाचं काम कसं खणखणीत आहे!”
मी तोंड उघडलं. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा फुलला होता. बायको माझ्याकडे बघत होती. मी तोंड मिटलं.
मग त्यांनी झाकण उचललं. बिजागरी तुटली आणि झाकण धाडकन त्यांच्या पायाशी पडलं. झाकण तेवढं अस्सल त्यांचं. बायकोने मला त्याला हातच लावू दिला नव्हता.
सासऱ्यांनी वाकून चाचपून पाहिलं. “हे मात्र जावईबापूंचं काम दिसतंय.”
“हो,” मी म्हणालो.
“मनाला लावून घेऊ नका,” पाठीवर थाप मारत ते म्हणाले, “शिकाल हळूहळू.”
बायको चहा करते म्हणून घाईघाईने आत गेली. स्वयंपाकघरातून बराच वेळ नुसतं हसणं ऐकू येत होतं.
चहा शेवटी मीच केला.