हिरड्याखालची झोप

१४ नोव्हेंबर १९९४, सोमवार
घोडेगावला मीटिंग. कुटुंबकल्याण शिबिराच्या, म्हणजे नसबंदीच्या, केसेस माझ्याच सगळ्यात कमी. साहेबांनी सगळ्यांदेखत उभं केलं. पाच वाड्या, नर्स एकटी, भातकापणीत बायका घरी सापडत नाहीत, हे सांगायचं होतं. तोंडातून निघालं फक्त, हो साहेब. शेवटच्या गाडीनं तळेघर, तिथून उपकेंद्रापर्यंत पायी. भात टाकला अन् बसल्या जागी डोळा लागला. करपला.

१७ नोव्हें.
आळेफाट्याहून ह्यांची चिठ्ठी, कंडक्टरच्या हाती. सुजाता विचारते, आई रविवारी तरी येणार का. शिबिर आहे म्हणून कळवलं. पूर्वी लेकीला असं लिहिताना डोळे भरायचे. आज काहीच झालं नाही. कसली आई झालेय मी.

२२ नोव्हें., मंगळवार
वरच्या वाडीवर मंदाला बघायला निघाले. पहिलटकरीण, आठवा महिना. मागच्या खेपेला पाय जरा सुजल्यासारखे वाटले होते, म्हणून मुद्दाम. निम्म्या चढावर पायातलं त्राणच गेलं. हिरड्याच्या झाडाखाली पाच मिनिटं टेकू म्हटलं, पिशवी उशाला घेतली. जाग आली तेव्हा उन्हं कललेली. वर गेलेच नाही. उतरले.
उपकेंद्रात येऊन रजिस्टर अन् कार्ड भरलं. मंदा, भेट दिली, बी.पी. ११०/७०, सूज नाही.
न बघता भरायचं तर ११०/७०, हा माझा ठरलेला आकडा. पण आजवर धडधाकट बायांचाच भरला होता.

२५ नोव्हें.
मंदाकडे जायचं राहतंय. आज शिबिराची जीप, उद्या लसी. परवा नक्की.

२८ नोव्हें., सोमवार
काल रविवारीही गेले नाही. आज दुपारी मंदाला डोलीतून खाली आणलं. झटके. बी.पी. १८०/१२०, तोंडसुद्धा सुजलेलं. शिबिराच्याच जीपमधून घोडेगावला नेलं, डोकं माझ्या मांडीवर.
डॉक्टरांनी कार्ड बघितलं. म्हणाले, सहा दिवसांपूर्वी ठीक होतं, म्हणजे अचानकच चढलं. मंदाच्या सासूला, ठकूबाईला विचारलं, सिस्टर आल्या होत्या ना?
"आल्या व्हत्या की," म्हातारी म्हणाली.
मी खाली बघितलं. गडबडीत वार विसरली असेल.

३० नोव्हें.
मंदा शुद्धीवर आहे. मुलगा झाला, दीड किलोचा. पुण्याला हलवलाय, काचेच्या पेटीत. डॉक्टर म्हणाले, तुमचं कार्ड चोख, मीटिंगमध्ये साहेबांना सांगतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

४ डिसें., रविवार
सुट्टी असून आळेफाट्याला गेले नाही. वाडीवर गेले, न थांबता. ठकूबाई ओट्यावर भात पाखडत होती. म्हटलं, आजी, डॉक्टरांना खोटं का सांगितलंत? त्या दिवशी मी आलेच नव्हते.
सूप थांबलं नाही.
"ठावं हाय मला. मंदीचं डोकं लई दुखत व्हतं, तुमालाच बोलवाया खाली येत व्हते. तुमी हिरड्याखाली झोपल्या व्हत्या."
मग उठवलं का नाही?
"दोनदा हात फुडं केला. तोंड पार वाळून गेलेलं तुमचं. म्हनलं, ही बी कुनाची तरी लेकच हाय. निजू दे घटकाभर."
मग सूप खाली ठेवलं. पोराचं काही बरंवाईट झालं तर तिचा लेक, मंदाचा नवरा, तिला कधी माफ करणार नाही म्हणाली. चार दिवस तिच्या गळ्याखाली घास उतरलेला नाही.
"बाई, मी उठवाया पायजे व्हतं. माजं चुकलं का वो?"
मी म्हटलं, नाही आजी. बस, एवढंच. कार्डावर मी काय लिहिलंय ते तिला वाचता येत नाही. तेच सांगायला तर गेले होते. चहा पिऊन परत आले.

५ डिसें., सोमवार
मीटिंगला निघालेय, गाडीतच लिहितेय. पुण्याहून निरोप नाही. रजिस्टर पिशवीत आहे, ते पान दहा वेळा उघडून झालं. अक्षर किती सुबक काढलंय मी. सांगितलं तर नोकरी जाईल, सुजाताचं पुढं काय. नाही सांगितलं तर म्हातारी जन्मभर स्वतःलाच खात बसेल.
डिंभं गेलं, आता घोडेगावच. आज साहेब पुन्हा सगळ्यांदेखत उभं करतील, शाबासकी द्यायला. उभी तर राहीन. मग तोंडातून काय निघेल ते माझं मलाच ठाऊक नाही.