छत्रीच्या सावलीतली विष्णुक्रांत

कुंभकोणम्,
मासी महिना, १९५३

प्रिय एकोजी,

अक्षर वाकडं आहे, सांभाळून घे. डाव्या हातानं लिहितो आहे. उजव्याची दोन बोटं मोडली आहेत, तिसऱ्याचं नख मुळातून गेलं. दुकानातली काचांची कपाटंही पालथी झाली. आजवर कॅमेऱ्यानं काचांवर टिपलेली माझी सगळी फुलं फरशीवर चुरा होऊन पडली होती. त्यांतलं एकही फूल तांदळाच्या चार दाण्यांहून मोठं नव्हतं. झाडताना तळपायांत शिरली ती वेगळीच. हे कुणी केलं, ते पुढे लिहितो.

तुला महामहम् तळ्याच्या पायऱ्या आठवतात? मी शाळा सोडली म्हणून तो पोस्टमास्तरांचा मुलगा मला अडाणी म्हणाला, आणि तू त्याचं तोंड दगडी पायरीवर आपटत राहिलास, दात पडेपर्यंत. तुझी पुस्तकं माझ्या हातांत होती. मला ते आवडलं होतं, खोटं कशाला बोलू? पुढे तूच मद्रासेहून ते भिंग आणून माझ्या ओंजळीत ठेवलंस. त्याबरोबर आलेला इंग्रजी कागद मला वाचता आला नाही. कॅमेऱ्याचा भाता किती ओढला की उजेड किती उतरतो, ते मी काचा वाया घालवत स्वतःच शिकलो. गवतातल्या फुलाचं असं चित्र साऱ्या तंजावर जिल्ह्यात दुसरा कुणी काढत नाही, हे चारचौघांत तूच सांगायचास. मी नको म्हणायचो, पण ते खरंच होतं.

त्या सकाळी आपण मरुदानल्लूरला तुझ्या शेताच्या बांधावर होतो. विष्णुक्रांत उमलली होती. दुपार झाली की ती मिटते, म्हणून मला घाई. फूल आहे तेवढ्याच मापाचं काचेवर उतरवायचं तर भाता पुरा ओढावा लागतो, भिंगाचं तोंड सुईच्या नेढ्याएवढं करावं लागतं आणि टोपण काढून सावकाश मोजत बसावं लागतं. मी पोटावर पडून श्वाससुद्धा धरून ठेवतो. तुझं काम छत्रीचं. फुलावर ऊन नको, वारा नको. छत्री उघडण्याआधी तू तिचं टोक फुलाशेजारच्या ओल्या मातीत रोवलंस आणि मी खेकसलो, कारण तो गोल खड्डा नेमका चौकटीत आला. एका बाजूला कड तुटलेला गोल. म्हटलं, राहू दे, फूल मिटेल.

तेवढ्यात बांधावरून तुझ्या शेतावर राबणारा पन्नैयाळ सेतू आला. नव्या कायद्याप्रमाणे मळणीतला वाटा मागत होता. आवाज चढवून नाही, पण हलतही नव्हता. तू म्हणालास, थांब जरा. मला वाटलं, माझ्या फुलासाठी थांबवतो आहेस. मी टोपण काढलं.

पलीकडे खळ्यावर पेंढ्या आपटत होते. तेच धप धप मला ऐकू येत होतं. नजर फुलावर होती. ऊन पडलेलं दिसलं, फूल थरथरलेलंही दिसलं, पण मोजणी मध्येच सोडली तर काच फुकट जाते. टोपण लावून मान वर केली तेव्हा तू छत्री धरून उभा होतास, धोतर चिखलानं भरलेलं, छाती भात्यासारखी चाललेली. म्हणालास, "वारा आला होता, व्यंको."

उतरत्या दुपारी पोलीस शिपाई मला फोटोसाठी बोलवायला आला. सेतू बांधाखालच्या कोरड्या पाटात पडला होता. बैलानं तुडवला, असं तुझे कारभारी सांगत होते. गळा दबून सपाट झाला होता. जीभ दातांत अडकून तुटली होती. कानशिलात भोक, त्यात माशा. फौजदार म्हणाले, लांबून एक काढा, पुरे. माझी सवय तुला ठाऊक आहे. मी माशा वारल्या, भाता पुरा ओढला आणि ते कानशील आहे तेवढंच काचेवर उतरवलं. फुलासाठी वापरलं तेच तुझं भिंग.

संध्याकाळी तू भजनात टाळ वाजवत होतास, तेव्हा मी दोन्ही काचा धुऊन उजेडासमोर धरल्या. फुलाच्या काचेवर अर्धी मोजणी मऊ सावलीची आहे, अर्धी कडक उन्हाची. छत्री मध्येच गेली. वाऱ्यानं फूल डोलतं तेव्हा देठाचं बूड स्थिर राहतं. इथे बूड, माती, खडे, सगळंच तिहेरी उमटलं आहे. माणूस पाटात कोसळला तो एक हादरा आणि तू टाचांनी गळ्यावर उडी घेतलीस ते पुढचे दोन. मग मी एक काच दुसरीवर ठेवली. मातीतला कड तुटलेला गोल सेतूच्या कानशिलातल्या भोकावर बसला, कडेला कड लागून. छत्री तू कावेरीत टाकलीस म्हणतात. तिची गरज नाही.

तू चौकशीत लिहून दिलंस की सकाळभर तू माझ्या फुलावर छत्री धरून होतास, साक्षीदार व्यंकोबा. विजयलक्ष्मीवहिनी तुझा निरोप घेऊन आल्या. एवढंच सांगा, हात हलला, काच बिघडली. सांगताना त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. मी नाही म्हटलं. मग परवा तुझी माणसं आली. माझा हात गल्ल्यावर पसरून कॅमेऱ्याच्या तिपाईच्या पितळी पायानं ठेचताना एकच विचारत होती, हलला होता ना हात? फुलं फुकट फोडलीत, एकोजी. त्या दोन काचा आधीच मॅजिस्ट्रेटसाहेबांच्या कपाटात गेल्या होत्या.

उद्या सकाळी कोर्टात मला पुकारतील, आणि पाहिलं ते मी सांगेन. हे पत्र त्याआधी तुझ्या हाती पडावं म्हणून लिहिलं. माझं नाव पुकारण्याआधी तू उठून उभा राहा आणि आपल्या तोंडानं सांग. सेतूच्या बायकोनं ते माझ्या काचांकडून नाही, तुझ्याकडून ऐकावं. तुझ्यासाठी एवढंच करता येतं मला. आणि हे पत्र वकिलाला दाखवून व्यंकोबाचा हात हलतो म्हणून सांगू नकोस. या कागदावर हलला आहे. त्या काचेवर नाही.

अजूनही तुझाच,
व्यंकोबा