सातवी 'ब'चं स्वच्छ पाणी

२४ नोव्हेंबर, सोमवार
संकल्प: यंदा सातवीला सगळं विज्ञान घरातल्या वस्तूंतून शिकवायचं. खर्च शून्य. शनिवारी शाळेत विज्ञान मेळा. आमचा प्रयोग: गढूळ पाणी गाळायचा फिल्टर. उलटी बाटली, कापूस, कोळसा, खडे, वाळू. मुलांना घरून आणायला सांगितलं. बायकोला, सुनीतीला, कल्पना फार आवडलेली दिसते. काहीच बोलली नाही.

२५, मंगळवार
मुलांनी फक्त बाटल्या आणल्या. कोळसा इस्त्रीवाल्याकडून, कापूस सुनीतीच्या वातींचा. चहाची गाळणीही नेली. संध्याकाळचा चहा रुमालातून गाळला. वाईट नव्हता.

२६, बुधवार
नाशिकहून सुनीतीचे रत्नाकरमामा आले. रामेश्वरला जाऊन तिथली वाळू आणलीय. एकादशीला इथल्या बालाजी घाटावर गंगेत सोडली की यात्रा पूर्ण. मामींबरोबर करायची होती. मामी मार्चमध्ये गेल्या, मग एकटेच निघाले. वय ऐंशी, आता पुन्हा जाणं नाही. ऐकून वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. जेवताना त्यांना फिल्टर समजावला. नीट ऐकतात. वाळूची पुरचुंडी देव्हाऱ्यात आहे.

२८, शुक्रवार
बांधकामावरची वाळू जाडीभरडी, फिल्टरला कुचकामी. देव्हाऱ्यातली बारीक. चमचाभर घेतली तर कुणाचं काय जातं? शास्त्रीयदृष्ट्या वाळू ती वाळू.
सायं. ६. चमच्याने भागलं नाही. उद्या धुऊन, वाळवून परत ठेवीन. आधीपेक्षा स्वच्छच होईल.

२९, शनिवार
मेळा झाला. पाणी गढूळच उतरलं, पण संकल्पना पोहोचली. वाळू काढून घ्यायला गेलो तर शिपायाने बाटल्या कचरागाडीत घातलेल्या. म्हणाला, मास्साब, हम त कूड़ा समझे. त्याला रागावलो नाही.

३०, रविवार
सकाळी नावेने गंगेपलीकडे जाऊन वाळू आणली. पुरचुंडी जशीच्या तशी बांधली. गंगेची वाळू गंगेतच जाणार, म्हणजे पावित्र्याचाही प्रश्न नाही. विषय संपला.

१ डिसेंबर, सोमवार. एकादशी
बालाजी घाट. मामांनी पुरचुंडी उघडली. वाळू उन्हात चकाकली. गंगेची चकाकतेच, रामेश्वरची नाही, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मामांनी ती चिमटीत घेऊन बघितली, मग पलीकडचा काठ बघितला. पूजा सांगणाऱ्या गुरुजींनी घाई केली. मामांनी मामींचं नाव घेऊन सगळी सोडून दिली. सुनीतीने माझ्याकडे पाहिलं नाही.
पायऱ्या चढताना मामांनी माझा हात धरला. विचारलं, जावईबापू, मुलांचं पाणी तरी स्वच्छ झालं ना.
झालं, म्हटलं.